देवळातला माझा कोपर

वर्धा जिल्ह्यातल्या एका देवळाच्या सभामंडपात माझा कोपर आहे. डावा. तिथल्या विश्वरूपाचे हात उजवीकडून मोजत गेलात तर अकराव्या हाताचा तो कोपर. त्याच्या वरचा दंड ढगात गेलेला आहे आणि खालचा हात पुलगावच्या एका सायकल दुरुस्त करणाऱ्याचा आहे. मधला सांधा तेवढा माझा. दैवी म्हणावं असं काम माझ्या हातून आयुष्यात एवढंच झालं, आणि तेही नुसतं बसून.

तो कोपर तिथं चिकटवणारे गृहस्थ माझे घरमालक. गाव त्यांना फोटूवाले म्हणायचं. पुलगावला नाचणगावच्या रस्त्यावर त्यांचा स्टुडिओ होता आणि वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचो. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला देखणा समजत होतो. या समजाला आधार दोनच: शाळेच्या गॅदरिंगमध्ये केलेला कृष्ण आणि त्यावर मावशीने काढलेले उद्गार. पण त्या वयात एवढं पुरतं. कापसाच्या गाठींच्या नोंदी करता करता मी ऑफिसच्या खिडकीत भांग पाहायचो. नाकाखाली बारीक मिशी होती, तिची मशागत करण्यात माझी सकाळ जायची.

फोटूवाले उंच होते, जरासे वाकलेले, आणि डावा डोळा कायम अर्धा मिटलेला. बोटं औषधांनी काळी पडलेली. त्या बोटांनी जेवू नये असं कुणीतरी सांगितल्यापासून ते भाकर वरणात कुस्करून चमच्याने खायचे. कॅमेऱ्याचा काळा कपडा उपरण्यासारखा खांद्यावर असायचा. बाजारात जाताना तोच, घाम पुसायला तोच, आणि भाजी आणायलाही तोच. एकदा सरपंचांच्या घरच्या फोटोच्या वेळी त्यातून दोन वांगी खाली पडली, तेव्हा त्यांनी ती पायाने बाजूला सारली आणि सगळ्यांना हलू नका म्हणून दम भरला.

लग्नाचे, शाळेचे फोटो ते पोटासाठी काढत. खरं काम दुसरंच होतं. माणसांचे फोटो कात्रीने कापायचे, कडा मागून पॉलिश पेपरने घासून कागदाइतक्या पातळ करायच्या, लाकडी पाट्यावर एकमेकांना जोडून त्यांचा देव उभा करायचा, सांधे ब्रशने बुजवायचे आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. बाजारात मिळणारे गुलाबी गालांचे छापील देव त्यांना पटत नसत. चित्रकाराने काढलेला देव ही ऐकीव गोष्ट आणि फोटो म्हणजे पुरावा, असं त्यांचं म्हणणं होतं. मी विचारलं, पुरावा कशाचा? तुम्ही तर चार माणसं कापून एक केलाय. ते माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहत म्हणाले, "देव पुरा कोणातच नाई, बाबूजी. तुकड्यातुकड्यानं वाटून देलं हाय त्यानं सोताले. आपल्याले फक्त गोळा करा लागते."

गोळा करण्याची त्यांची पद्धत सोपी होती. गिऱ्हाइकाचा फोटो झाला की ते काळ्या कपड्याखालून बाहेर येत, खुर्चीतल्या माणसाकडे मिटल्या डोळ्याने बघत आणि परत आत जात. ती दुसरी काचेची प्लेट देवाची. त्यात कोणाचा कान असे, कोणाचं पाऊल. गिऱ्हाईक समजायचं, पहिला बिघडला असेल. सांगायची, विचारायची त्यांना कधी गरजच वाटली नाही. "देवाच्या कामाले कोणाले काय इचाराचं?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

त्यामुळे गावातल्या माणसांची नावं त्यांना ठाऊक नव्हती, अवयव ठाऊक होते. "आज लक्ष्मीचा डावा हात दिसला नाई बाजारात," असं ते काळजीने म्हणत, म्हणजे भाजीवालीला ताप आला असावा. पोस्टमास्तर हे गणपतीचं पोट. बांधावरून भांडून बारा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ त्यांनी विष्णूचे दोन खांदे म्हणून शेजारी शेजारी लावले होते, आणि तो विष्णू दोघांच्याही घरी होता.

एकदा दोन पाकिटांची अदलाबदल झाली. एका मास्तरांच्या बहिणीचा स्थळासाठी काढलेला फोटो मोठी आंजी या गावी जायचा होता. त्याऐवजी तिचंच तोंड लावलेली चार हातांची, कमळावर बसलेली लक्ष्मी गेली. आठ दिवसांनी मुलाच्या वडिलांचं कार्ड आलं: मुलगी पसंत आहे, फोटो मात्र परत मिळणार नाही, देवघरात लावला आहे. लग्न झालं. सासरी रोज सकाळी तिला स्वतःपुढेच निरांजन लावावं लागे म्हणतात. मास्तर चिडून जाब विचारायला आले तर फोटूवाले त्यांचे कान निरखत बसले.

हे सगळं बघून मी मनात एक हिशेब बांधला होता. आज ना उद्या यांना कृष्ण लागेल, राम लागेल, आणि कृष्ण यांच्या डोक्यावरच राहतो आहे. मी जिन्यातून उतरताना मुद्दाम उजेडाच्या बाजूने उतरू लागलो. आठ महिने उतरलो. शेवटी एका रविवारी ते स्वतः वर आले आणि डोळा मिटून मला न्याहाळू लागले. मी हनुवटी किंचित वर केली.

"बाबूजी," ते म्हणाले, "बाही वर करा."

पुढचे सहा रविवार मी उभ्या केलेल्या लाकडी पाटीमागे बसून पाटीच्या भोकातून डावा कोपर बाहेर काढला. चेहरा पाटीच्या मागे. तरी मी भांग पाडून जात असे. मुंगी चालली, घाम आला, तरी हलायची सोय नव्हती. आत्ता हा कोपर तुमचा नाही, असं ते बजावायचे. सहाव्या रविवारी त्यांना हवा तसा उजेड पडला आणि त्या दिवसापासून मी बाबूजीचा कोपर झालो. "कोपर, चहा घेता काय?" "कोपर, गाडी लेट हाय काय?" मालधक्क्यावरचे हमालसुद्धा तसं म्हणू लागले तेव्हा मात्र मला झोंबलं.

तो कोपर विश्वरूपासाठी होता. गावच्या एका जिनिंगवाल्या शेटजींनी देवळाचा सभामंडप नवा बांधला होता आणि तिथे भिंतभर विश्वरूप लावायचं कबूल केलं होतं. कार्तिकी एकादशीला पडदा उघडायचा. फोटूवाल्यांनी उभ्या आयुष्यात जे छोटे छोटे देव केले ते या एकासाठी हात बसवायला केले होते असं त्यांच्याकडे बघून वाटायचं. पुरुषभर उंचीच्या पाट्यावर हात लागले, पाय लागले, गावातले साठ-सत्तर चेहरे मागे रांगांनी लागले. मधलं मुख्य तोंड सापडेना. वर्षभर तिथे पांढरी जागा होती. मी रोज तिच्यासमोरून जायचो.

ते तोंड सापडलं तेव्हा मी तिथेच होतो. मिलमध्ये विणाई खात्यात काम करणारा, रुळापलीकडच्या वस्तीतला एक माणूस आला. पस्तिशीचा असेल. कोणाच्या तरी लग्नातला जुना फोटो त्याने रुमालातून काढला. कडेला, एका धिप्पाड माणसाच्या खांद्याआड, एका बाईचा चेहरा दिसत होता. ती त्याची आई. वारली होती. तिचा जगात दुसरा फोटो नव्हता. "तिले गर्दीतून काढून एकटीले बसवून द्या," तो म्हणाला.

फोटूवाल्यांनी महिनाभर त्यावर जीव टाकला. चेहरा मोठा केला, झाकलेला गाल ब्रशने भरला, खुर्चीत लुगडं नेसलेली बाई बसवली आणि मांडीवर भाजीवालीचे हात ठेवले. तो माणूस बघायला आला. बराच वेळ बघून म्हणाला, हे हात माझ्या आईचे नाहीत. मग स्वतःचे हात पुढे करून त्याने सांगितलं, माझे तिच्यासारखे आहेत. ते हात घेतले, लहान केले, लावले. पुढच्या रविवारी तो आला तेव्हा आई पुरी झाली होती. तो चित्रासमोर उभा राहिला. नुसता पाहत होता. आणि बाजूच्या काळ्या कपड्याखाली फोटूवाल्यांनी एक प्लेट घेतली. देवाची.

मी तो चेहरा पाट्यावर लागलेला पाहिला तेव्हा माझ्या हनुवटीचा विषय मी मनातल्या मनात बंद केला. वर मुकुट होता, कपाळी गंध होतं, पण ते डोळे तुमच्याकडे अशा मायेने बघत होते की समोर उभं राहिल्यावर आपण काहीतरी चांगलं केलं असावं असं वाटे. शेटजी येऊन बघून गेले आणि जाताना त्यांनी चपला घालायच्या आधी पुन्हा एकदा वळून हात जोडले.

छप्पन्नचा दसरा आला. मालधक्क्याच्या खिडकीतून मी नागपूरकडे जाणाऱ्या गाड्या बघितल्या, दारांना लोंबकळणारी पांढऱ्या कपड्यांतली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. तीन-चार दिवसांनी ती परत आली. त्या रविवारी मिलमधला तो माणूस दोघा नातेवाइकांना घेऊन फोटो काढायला आला. अंगावर तेच पांढरे कपडे, धुऊन घातलेले. पाटा भिंतीला टेकून उघडाच होता. तो त्याच्यासमोर थांबला. मग नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं.

"हे माहं तोंड हाय," तो म्हणाला.

फोटूवाले आनंदाने पुढे झाले. कधीपासून तुला दाखवायचं होतं, असं काहीतरी म्हणाले. तो शांतपणे म्हणाला, काढून टाका.

इथे मी मध्ये पडलो. मला कोणी विचारलं नव्हतं, पण मी सुशिक्षित होतो. मी त्याला समजावलं की मुकुट आहे, गंध आहे, ब्रश फिरवलेला आहे, तू आहेस हे कोणालाही कळणार नाही.

"मले मालूम हाय ना, बाबूजी," तो म्हणाला.

इतक्या वर्षांनीसुद्धा हे वाक्य आठवलं की मला माझ्या त्या समजावण्याची लाज वाटते. फोटूवाले मात्र अजून हटले नव्हते. मला तुझ्यात देव दिसला, तो काय खोटा होता, असं त्यांनी विचारलं. आवाज रडकुंडीला आला होता.

"मी माह्या मायकडे पाहून राह्यलो होतो," तो म्हणाला. "तुमी त्याले देव म्हणलं. मले इचारलं नाई. माही माय त्या देवळाची पायरी कधी चढली नाई, फोटूवाले. चढू देलं नाई तिले कोणी. आता मी तिथं जाऊ, तेबी त्यायच्या देवाचं तोंड होऊन? मी शपथ घेऊन आलो हाय. काढा."

तो ओरडला नाही. माणसं ओरडली की माझ्यासारख्याला उत्तर सुचतं. फोटूवाले पाट्याजवळ गेले. शेटजींची आमंत्रणं छापून झाली होती हे त्या खोलीत त्यांना आणि मला ठाऊक होतं. मग त्यांनी स्पंज ओला केला, मुकुटाच्या कडेपासून सुरुवात केली आणि भिजवत भिजवत ते तोंड सोडवलं. ते त्याच्या हातात दिलं. नंतर आतून काचेची प्लेट आणली, चुलीवरचं गरम पाणी परातीत ओतलं आणि प्लेट त्यात सोडली. दुधावरची साय निघावी तसा काचेवरचा थर निघून आला. त्यांनी तो पाण्यातच बोटांनी चुरगाळला आणि कोरी काच पुसून खिडकीत उभी केली. तो माणूस सगळं होईस्तोवर उभा होता. जाताना त्याने त्यांना नमस्कार केला, साधा, बरोबरीच्या माणसाला करतात तसा.

आता एकादशीला तीन आठवडे होते आणि विश्वरूपाला तोंड नव्हतं.

यापुढचं सांगायला मला संकोच वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिशी काढून टाकली. देवाला मिशी नसते. मी खाली गेलो आणि मदत हवी असल्यास मी आहे, असं अगदी सहज म्हटल्यासारखं म्हणालो. ज्याच्या जाण्याने जागा रिकामी झाली त्याचं बोलणं कानात ताजं असताना मी तिथं उभा होतो, तेही तेल लावून. फोटूवाल्यांनी माझ्या ओठाकडे पाहिलं. नाही म्हणण्याचं त्राणही त्यांच्यात नसावं. त्यांनी मला बसवलं. मी डोळ्यांत माया आणली, निदान मावशी ज्याला माया म्हणायची ते आणलं.

दोन दिवसांनी माझं तोंड मुकुटाखाली लागलं. दूध घालायला आलेला गवळी पाट्याकडे बघून म्हणाला, "अरे, हे तं मालधक्क्याचे बाबू." पोस्टमन तेच म्हणाला. सायकलवाला म्हणाला आणि वर हसला. दुसऱ्याचा चेहरा कोणाला ओळखू येणार नाही असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि माझा तर रस्त्यावरून ओळखू येत होता. फोटूवाल्यांनी दिवसभर वाट पाहून संध्याकाळी स्पंज ओला केला. "कोपर," ते मला दुखवू नये अशा बेताने म्हणाले, "तुमच्या तोंडात तुमीच ठासून भरले हा. दुसऱ्याले उभं राहाले जागा नाई."

मिशी पुढे पुन्हा आली, पण डावीकडे जरा उशिरा आली आणि ती वाकडी ती वाकडीच राहिली.

शेवटी त्यांनी ती जागा तशीच ठेवली. नवीन कोणाला विचारलं नाही आणि न विचारता कोणाला घेतलंही नाही. स्पंजाने भिजवून खरवडलेला पांढरा कागद, त्याभोवती मुकुट, आणि मागे गाव. त्याचाच फोटो काढून मोठा केला. एकादशीला पडदा उघडला तेव्हा शेटजींचा चेहरा उतरला आणि त्यांनी हळूच विचारलं, तोंड कुठे आहे? फोटूवाले म्हणाले, होतं, आता नाही. पुढे काय झालं असतं कोण जाणे, पण कीर्तनाला आलेल्या बुवांनी जागच्या जागी साष्टांग नमस्कार घातला. देवाचं तेज इतकं, की मुख दिसतच नाही, डोळे दिपतात, असं ते गहिवरून सांगू लागले. मग सगळ्या मंडपाचे डोळे दिपले. ते तेज म्हणजे एका माणसाने परत नेलेला चेहरा होता, हे सांगायला माझी जीभ वळवळत होती. मी गप्प बसलो. कोपर सोडला तर धर्मासाठी माझी दुसरी सेवा तीच.

फोटूवाले गर्दीतून मागे येऊन माझ्याजवळ उभे राहिले. सगळे त्यांची पाठ थोपटत होते आणि ते फक्त त्या पांढऱ्या जागेकडे पाहत होते. "खरवडलं ते दिसून राह्यलं," एवढंच म्हणाले.

थंडी संपताना तो मिलमधला माणूस परत आला. त्याला स्वतःचा फोटो हवा होता. एकट्याचा, खुर्चीत, पायांपासून डोक्यापर्यंत. फोटूवाल्यांनी सकाळ घालवली. पडदा तीनदा बदलला. एकच प्लेट घेतली आणि कपड्याखालून बाहेर आले ते परत आत गेले नाहीत. मग खुर्चीपाशी जाऊन, नवीन शाळेत गेलेल्या पोराने विचारावं तसं चाचरत त्यांनी त्याला विचारलं, "तुमचं नाव काय?"

"श्रावण कवडूजी," तो म्हणाला.

एवढ्या दिवसांची ओळख होती. त्याचे हात, डोळे, आई, सगळं त्यांनी काचेवर घेतलं होतं. नाव पहिल्यांदा ऐकलं. फोटो तयार झाल्यावर त्यांनी खाली बारीक ब्रशने ते नाव लिहिलं आणि वर बसवायला खिडकीतली ती कोरी काच घेतली. त्याची परवानगी काढून दुसरी प्रत दर्शनी कपाटात लावली. देवळात जाणारे-येणारे ती पाहत. मंडपातलं तेज ते हेच, हे ओळखलं कोणीच नाही.

नंतर त्यांनी नवा देव केला नाही. गिऱ्हाइकांना नावं विचारू लागले आणि ती विसरून पुन्हा विचारू लागले. लोक वैतागायचे. मी मात्र कोपरच राहिलो. जुनं गिऱ्हाईक म्हणून असेल.

माझी बदली झाली तेव्हा ते स्टेशनवर आले. खांद्यावर काळा कपडा, त्यात माझ्यासाठी बांधलेली संत्री. गाडी सुटायची वेळ झाली, मी आत बसलो, आणि ते एकदम घाबरल्यासारखे खिडकीला लगटले.

"तुमचं नाव काय हो? मी कधी इचारलंच नाई."

मी गंमत केली. म्हणालो, कोपर.

"तसं नाई," ते म्हणाले. "पुरं सांगा."

मी सांगितलं. माझं, वडिलांचं, आडनाव. गाडी हलली. ते खिडकीबरोबर चालत राहिले आणि पाठ करणाऱ्या पोरासारखं माझं नाव पुटपुटत राहिले. आडनाव चुकत होतं, तरी मी दुरुस्त केलं नाही. प्लॅटफॉर्म संपला तिथे ते थांबले. मी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मग आठवण झाली, तो आत घेतला आणि डावा काढला.